लीगचा हंगाम संपताना: पोकर खेळणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मे महिना सरत आला की गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी उपाहारगृहे, उतरवले जातात, पर्यटकांची वर्दळ ओसरते आणि आठवड्यातून एका संध्याकाळी बारच्या मागच्या खोलीत जमणाऱ्या पोकर लीगांचाही हंगाम आटोपत येतो. या लीगांत प्रवेश शुल्क नसते आणि चिप्सना पैशांचे मोल नसते. दर आठवड्याला कोण कितव्या क्रमांकापर्यंत टिकला त्यानुसार गुण मिळतात आणि गुणतक्त्यातील वरच्या खेळाडूंची शेवटी एक फायनल होते. या वेळी आलेली बहुतेक पत्रे त्या शेवटच्या रात्रीविषयी आहेत, म्हणून सदराची सर्व जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न: पूर्ण हंगाम मी गुणतक्त्यात पहिला होतो. फायनलमध्ये माझ्या हाती एक्क्यांची जोडी होती, समोरच्याच्या हाती राजांची. आम्ही दोघांनीही सर्व चिप्स लावल्या. शेवटच्या पानावर राजा आला आणि मी पाचव्या क्रमांकावर बाद झालो. करंडक गेला तक्त्यात अकराव्या असलेल्या खेळाडूकडे. मग इतके आठवडे खेळण्याला अर्थ काय उरला?
एक वाचक, पर्वरी

उत्तर: आपली निराशा रास्त आहे, आणि तिचे मूळ त्या एका राजात नसून फायनलच्या रचनेत आहे. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे टेबलावरची सामाईक पाचही पाने उघडेपर्यंत वरचढ राहण्याची शक्यता साधारण ८२ टक्के असते. म्हणजे जवळजवळ दर पाच लढतींत एक हरायचीच. फायनल जिंकायची तर अशी लढत एकदाच जिंकून भागत नाही. ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या पैजा) वाढत जातात तसतशा चिप्स अपुऱ्या पडू लागतात आणि सर्वस्व पणाला लावण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. समजा, अशा चार लढती आल्या आणि चारही वेळा आपलीच पाने इतकी सरस असली, तरी चारही जिंकण्याची शक्यता सुमारे ४५ टक्केच भरते. समोरच्यापेक्षा चिप्स जास्त असतील तर एखादी लढत हरूनही खेळाडू टिकून राहतो, हे खरे. तरीही उत्तम खेळणाऱ्याने एका रात्रीत जिंकलेच पाहिजे, अशी अपेक्षा या खेळाकडून करता येत नाही.

गुणतक्त्याचे तसे नाही. अनेक संध्याकाळी, वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या माणसांसमोर खेळून जमवलेल्या गुणांत नशिबाचे चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात आणि खेळाडूचा संयम, पाने टाकून देण्याची तयारी, समोरच्याच्या पैजेचा अर्थ लावण्याची समज हे सारे उमटते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, लीगने दोन मान वेगवेगळे ठेवले पाहिजेत: एक हंगामाच्या विजेत्याचा आणि दुसरा फायनलच्या विजेत्याचा. हंगामाच्या विजेत्याचा सन्मान फायनलचे पहिले पान वाटण्यापूर्वी, सर्व खेळाडू आणि त्यांचे घरचे लोक हजर असताना करावा. मध्यरात्री खुर्च्या उचलल्या जात असताना तो उरकू नये. बारमध्ये विजेत्यांच्या नावांचा फलक असेल तर त्यावर दोन रकाने असावेत. यंदाचा हंगाम संपला असला तरी आपल्या समितीला हे आताही करता येईल, आणि त्यांनी ते करावे अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूने जिंकलेला करंडक मात्र त्याचाच आहे. त्याने मान्य नियमांनुसार तो मिळवला आहे, आणि त्याच्या विजयाला कमी लेखून आपला हंगाम मोठा होणार नाही.

एक सूचना पुढच्या हंगामासाठी. हॉटेलांत पाळीने काम करणाऱ्यांना दर आठवड्याला येणे जमत नाही. चौदा संध्याकाळींपैकी ज्याच्या त्याच्या सर्वोत्तम दहा धरल्या, तर तक्ता हजेरीचा न राहता खेळाचा होतो.

प्रश्न: माझ्या बारमध्ये लीग चालते. गेल्या वर्षी रात्री नऊला सुरू केलेली फायनल बंद करण्याची वेळ झाली तरी संपली नाही, म्हणून उरलेल्या चौघांच्या चिप्स मोजून विजेता ठरवला. त्यावरून बोलाचाली झाली आणि दोन चांगले खेळाडू यंदा आलेच नाहीत. फायनल वेळेत कशी संपवावी? आणि गुणांप्रमाणे सुरुवातीच्या चिप्स द्यायच्या तर किती?
एक बारमालक, म्हापसा

उत्तर: दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशेबात आहे, म्हणून आधी चिप्सचे पाहू. समजा, फायनलला अठरा जण पात्र ठरले आहेत, पहिल्याचे २४० गुण आहेत आणि शेवटच्याचे ६०. प्रत्येक गुणाला १०० चिप्स दिल्या तर पहिल्याला २४,००० मिळतात आणि शेवटच्याला ६,०००. चौपट अंतर घेऊन बसवलेला माणूस पाहुणा म्हणून आल्यासारखा होतो. उलट सर्वांना सारख्याच चिप्स दिल्या तर हंगामाची कमाई त्या रात्री पुसली जाते. मला मधला मार्ग पसंत आहे: प्रत्येकाला ५,००० चिप्स आणि शिवाय प्रत्येक गुणामागे ५०. मग पहिल्याला १७,००० आणि शेवटच्याला ८,००० मिळतात. ब्लाइंड १००-२०० पासून सुरू केले तर शेवटच्याकडेही चाळीस बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा, इथे २००) असतात, म्हणजे त्याला निवांत खेळायला वाव राहतो. बेरीज शंभराच्या पटीत वर नेऊन घ्यावी.

आता वेळ. सरासरी १२,००० धरल्या तर अठरा जणांच्या मिळून सुमारे २,१६,००० चिप्स खेळात असतात. अशी स्पर्धा साधारणपणे बिग ब्लाइंड एकूण चिप्सच्या विसाव्या भागाच्या आसपास पोहोचला की संपते, कारण तेव्हा उरलेल्या दोघांना थांबून राहणे परवडत नाही. आपल्या बाबतीत हा आकडा १०,००० च्या जवळ येतो. ब्लाइंड १००-२००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, ५००-१,०००, मग १,०००-१,५००, १,०००-२,०००, १,५००-३,०००, २,०००-४,०००, ३,०००-६,०००, ४,०००-८,००० आणि ५,०००-१०,००० असे वाढवत नेले तर बारा टप्पे होतात. प्रत्येक टप्पा वीस मिनिटांचा धरला तर चार तास, आणि पंधरा मिनिटांच्या दोन विश्रांती धरून साडेचार तास. संध्याकाळी पाचला पहिले पान पडले तर साडेनऊच्या सुमारास विजेता मिळायला हवा. खुल्या अंगणात ध्वनिक्षेपकावरून निकाल जाहीर करायचा असेल तर तोही रात्री दहाच्या मर्यादेआधी होईल. आपल्याकडे फायनल नऊला सुरू होते असे पत्रावरून दिसते, आणि गेल्या वर्षीच्या वादाचे कारण बहुधा तेवढेच आहे.

पाचवा टप्पा संपला की १०० च्या चिप्सचे काम उरत नाही आणि त्या टेबलावरून काढून घ्याव्या लागतात. इथे पुष्कळ ठिकाणी गोंधळ होतो, म्हणून पद्धत नीट सांगतो. ज्याच्याकडे १०० च्या पाच चिप्स असतील त्याला ५०० ची एक द्यावी. पाचांपेक्षा कमी अशा ज्या सुट्या चिप्स उरतील त्या प्रत्येकाने पुढे मांडाव्यात, आणि त्या सगळ्या मिळून ५०० च्या किती होतात ते पाहावे. मग ज्याच्या जितक्या सुट्या चिप्स तितकी उघडी पाने त्याला वाटावीत, आणि ज्यांची पाने सर्वांत मोठी ठरतील त्यांना ५०० ची एकेक चिप द्यावी, पण एका खेळाडूला एकच. या देवाणघेवाणीत कोणीही बाद होऊ शकत नाही. एखाद्याजवळ केवळ सुट्या चिप्सच असतील आणि त्याला मोठे पान मिळाले नाही, तरी ५०० ची एक चिप देऊन त्याला खेळात ठेवावे लागते.

इतके करूनही वेळ संपलीच, तर चिप्स मोजून निकाल लावण्यात गैर काही नाही, मात्र तो नियम आमंत्रणातच छापलेला असावा: अमुक वाजता शेवटचे तीन डाव जाहीर होतील आणि त्यानंतर मोजणी होईल. गेल्या वर्षीच्या चौघांना हे आधीच ठाऊक असते तर त्यांनी आपला खेळ त्या बेताने बसवला असता. जे दोघे दुखावून गेले त्यांच्या घरी आपण स्वतः जाऊन यंदाची नियमावली त्यांच्या हाती द्यावी, असे मला वाटते.

प्रश्न: गुणतक्त्यात मी तिसरी आहे. फायनलच्या यादीत माझे नाव दिसले नाही म्हणून चौकशी केली, तेव्हा समजले की, “रात्री उशीर होतो, ताई काही येणार नाहीत” असे समजून माझी जागा पुढच्या खेळाडूला दिली. भांडण नको म्हणून मी गप्प बसले. माझे चुकले का?
एक वाचक, मडगाव

उत्तर: आपले काहीही चुकले नाही. चूक यादी करणाऱ्यांची आहे. पात्रता गुणांवर ठरते, आणि गुणांनी मिळालेली जागा फक्त तो खेळाडू स्वतः सोडू शकतो. आपल्याला न विचारता ती दुसऱ्याला देणे, मग त्यामागचा हेतू काळजीचा असला तरी, हंगामभर चाललेल्या मोजदादीलाच खोटे पाडणे आहे. फायनल अजून व्हायची असेल तर समितीला आजच लेखी कळवावे की आपण खेळणार आहात. पुढच्या खेळाडूला दिलेला शब्द समितीने कसा सांभाळायचा ते समिती पाहील. एक जागा वाढवली तरी खेळाचे काही बिघडत नाही.

समितीलाही एक सांगावेसे वाटते. रात्री उशीर होतो ही खरी अडचण असेल तर ती घड्याळाची अडचण आहे, आणि ती फायनल रविवारी दुपारी चारला ठेवून सुटते. म्हापशाच्या बारमालकांना दिलेला हिशेब पाहावा. तसे केल्याने लवकर घरी परतायचे असलेल्या पुरुषांचीही सोय होईल.

प्रश्न: शेवटच्या डावात टेबलावर सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी आणि राजा अशी पाने होती. एकाकडे इस्पिकचा गुलाम आणि तिर्री, दुसऱ्याकडे चौकटचा गुलाम आणि एक्का. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) कोणाचाच नव्हता. इस्पिक मोठे म्हणून पहिल्याला विजयी ठरवले. काही जण म्हणाले की एक्का असल्यामुळे दुसरा जिंकायला हवा होता. बरोबर काय?
दोन मित्र, डिचोली

उत्तर: दोन्ही मते चुकीची आहेत. हा डाव बरोबरीचा होता आणि मधल्या चिप्स दोघांत वाटून पुढचा डाव खेळायला हवा होता. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून उत्तम पाचच पाने धरतात. इथे दोघांचीही ती पाच पाने सत्ती ते गुलाम अशी ओळीची होतात. एक्का, राजा आणि तिर्री या पाचांच्या बाहेर राहतात, म्हणून त्यांचा विचारच होत नाही. दोन हात ताडून पाहताना इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांत लहानमोठे काही नसते. घरी दिवाळीत किंवा चवथीच्या जागरणात खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळांत काही ठिकाणी इस्पिक वरचढ मानतात, तीच सवय इथे आली असावी. डीलरचे बटण (वाटण्याची पाळी दाखवणारी खूण) प्रथम कोणाकडे जाईल हे ठरवताना, किंवा वर सांगितलेल्या सुट्या चिप्सच्या वाटपात दोघांना सारखेच पान आले तर, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा क्रम वापरतात. हात जिंकण्यासाठी कधीच नाही. समान वाटणीत एक चिप जास्त उरली तर ती बटणाच्या डावीकडे पहिल्या बसलेल्या विजेत्याला द्यावी.

झालेला निकाल आता फिरवू नये. दोघांनाही संयुक्त विजेते म्हणून फलकावर नोंदवले तर ते न्यायाला धरून होईल, पण त्यासाठी ज्याला करंडक मिळाला त्याची संमती घ्यावी.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. तिथल्या पबांत पाच पौंड लावून पोकर उघडपणे खेळतात असे तो सांगतो. आमच्या फायनलमध्ये शेवटी उरलेल्या दोघांनी प्रत्येकी एक हजार रुपये ठेवून खेळावे, म्हणजे रंगत येईल, असा काहींचा आग्रह आहे. सगळे ओळखीचेच आहेत. हरकत काय?
एक वाचक, फोंडा

उत्तर: हरकत मोठी आहे, आणि आग्रह कितीही झाला तरी आपण या प्रस्तावाला नकार द्यावा.

भाऊ सांगतो ते बरोबर आहे, परंतु ती मोकळीक त्या देशाच्या कायद्याने आखून दिलेली आहे. ब्रिटनच्या २००५ च्या जुगारविषयक कायद्याखाली पबमध्ये पोकर खेळता येते. त्यात एका खेळाला माणशी पाच पौंड, एका पबमध्ये दिवसाला एकूण शंभर पौंड आणि बक्षीस जास्तीत जास्त शंभर पौंड अशा मर्यादा आहेत, आणि खेळात सहभागी होण्यासाठी पबला शुल्क घेता येत नाही. आपल्याकडे जुगार हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे आणि गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगारविरोधी कायदा लागू आहे. त्यात १९९२ मध्ये कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरच्या खेळांना वाट देण्यात आली आणि पुढे ती जहाजांवरच्या टेबलांवरील खेळांपर्यंत वाढवण्यात आली. मांडवीत दिसणारे कॅसिनो त्या अपवादाखाली आणि परवान्याखाली चालतात. फोंड्यातल्या बारची मागची खोली त्या अपवादात बसत नाही.

पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, म्हणून त्याला जुगाराचा कायदा लागत नाही, असे कोणी सांगेल. या मुद्द्यावर न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला नशिबाचा खेळ मानले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर, रमी आणि ब्रिज यांना जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे, पण तो कायदा त्या राज्यापुरताच आहे. हा वाद आपल्या बारमालकाच्या परवान्यावर आणि खेळायला बसलेल्यांच्या नावावर लढवायचे काहीही कारण नाही. अशा कायद्यांत खेळणाऱ्यांबरोबरच जागा वापरू देणाराही जबाबदार धरला जातो.

कायदा बाजूला ठेवला तरी माझा नकार कायम राहील. आपल्या टेबलावर डॉक्टर बसतो, पेट्रोल पंपावर काम करणारा मुलगा बसतो, निवृत्त शिक्षक बसतात, आणि तिघांच्याही पुढ्यात सारख्याच मोलाच्या चिप्स असतात. पोकरमध्ये समोरच्याला पान टाकायला लावण्याची ताकद पैजेच्या भाराने येते, आणि लीगमध्ये तो भार सर्वांना सारखाच जाणवतो. एक हजार रुपये टेबलावर आले की तो सारखा राहत नाही. डॉक्टरांना ती रक्कम सहज सोडता येते. त्या मुलाच्या ती दीड-दोन दिवसांची कमाई असू शकते. शिवाय यंदा शेवटच्या दोघांत लागलेले हजार पुढच्या वर्षी शेवटच्या चौघांत लागतात, आणि मग पहिल्या आठवड्यापासूनच कोणीतरी वही घेऊन बसते. गोव्यात जत्रेच्या रात्री गडगड्याच्या जुगारापुढे संसाराचे पैसे घालवून रित्या हाताने घरी परतलेली माणसे कोणाच्या पाहण्यात नाहीत? लीगचे वेगळेपण तिथे पैसा नाही यातच आहे, आणि ते एका रात्रीच्या रंगतीसाठी घालवू नये.

बक्षीस हवे असेल तर बारमालकाने स्वखुशीने द्यावे: करंडक, दोघांसाठी जेवण, चांगल्या प्रतीचा पत्त्यांचा जोड. त्यासाठी खेळाडूंकडून वर्गणी घेऊ नये. काही ठिकाणी फायनलला बसण्यासाठी अमुक रुपयांचे पेय घेणे सक्तीचे करतात. ते वेगळ्या नावाने घेतलेले प्रवेश शुल्कच आहे आणि तेही टाळावे. नियमावली तयार झाली की बारमालकाने ती एकदा आपल्या वकिलाच्या नजरेखालून घालावी.

प्रश्न: लीग बंद असताना सराव कसा ठेवावा? मोबाइलवर खेळले तर चालेल का? कॅसिनोत जाऊन पाहावे का?
एक विद्यार्थी, साखळी

उत्तर: कॅसिनोचा विचार सोडून द्यावा, १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तिथे खेळण्यास राज्य सरकारने बंदी केली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने बंदी आणली. ज्यात पैसे लावायचे नसतात आणि मिळतही नाहीत अशा अ‍ॅपवर सराव करता येईल. त्याहून चांगला सराव म्हणजे चौघांनी घरी बसून खेळावे आणि प्रत्येक डाव संपल्यावर सर्वांनी आपली पाने उघडून, कोणी कोणत्या समजुतीने पैज लावली ते बोलून दाखवावे. लीगमध्ये हे करता येत नाही, आणि शिकायला सर्वांत जास्त त्यातूनच मिळते.

प्रश्न: पावसाळ्यात आमचे पत्ते फुगतात, चिकटतात आणि कोपऱ्यांना वाकतात. मग त्यावरून पान ओळखू येते. काय करावे?
लीगचे साहित्य सांभाळणारा एक वाचक, पेडणे

उत्तर: कागदी पत्ते आपल्या हवेत टिकत नाहीत. पुढच्या हंगामाआधी पूर्ण प्लास्टिकचे दोन जोड घ्यावेत. एक खेळात असताना दुसरा पिसून ठेवता येतो, त्यामुळे वेळही वाचतो. प्लास्टिकची पाने कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ फडक्याने पुसावीत, पंख्याखाली पूर्ण वाळवावीत आणि मगच डब्यात भरावीत. ओलसर पाने डब्यात गेली तर तीही चिकटतात. चिप्सही तशाच धुवाव्यात, विशेषतः त्यांच्यावर सरबत किंवा बिअर सांडली असेल तर. डबा हवाबंद असावा, त्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात आणि तो जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नये. बंद करण्यापूर्वी प्रत्येक जोडातली बावन्न पाने आणि प्रत्येक रंगाच्या चिप्स मोजून तो आकडा झाकणावर आतून चिकटवावा, आणि चवथीनंतर डबा उघडाल तेव्हा समितीतील दुसऱ्या कोणाकडून तरी तो पुन्हा मोजून घ्यावा.